पाठवण्यासाठी वाचलेले वचन

एका भगिनीचे पत्र आले आहे. ‘ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज पहाटे शास्त्रपाठ वाचून त्यावर मनन करायचे, असा मी त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, संकल्प केला. पुढे एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ते मनन लिहून मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवू लागले. लोकांना ते आवडते. परंतु आता वचन वाचताना मन कोरडे राहते, लेक काही विचारायला आली की “थांब, मनन लिहिते आहे” म्हणून मी तिच्यावर खेकसते. गेल्या आठवड्यात तीन दिवस वाचन झालेच नाही, तेव्हा मागच्या वर्षीचे मनन थोडे बदलून पाठवले आणि नेमके त्याचेच सर्वांनी कौतुक केले. मी ढोंगी आहे का? हे सारे सोडून द्यावे का?’

प्रिय भगिनी,

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. वाचन सोडू नका. पाठवणे मात्र आजपासून ईस्टरपर्यंत बंद करा. तुमचा संकल्प वाचनाचा आणि मननाचा होता, गटाचा नव्हता, हे तुम्हीच लिहिले आहे. मन कोरडे पडलेले असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये, असा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचा सल्ला आहे. आणि त्या कोरडेपणाची जी कारणे ते सांगतात, त्यांत आपला स्वतःचा हलगर्जीपणा जसा आहे, तसेच हेही आहे की आत्मिक समाधान ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे, हे आपल्याला उमजावे. तेव्हा कोरडेपणा आला म्हणजे देव दूर गेला, असा हिशेब मांडू नका.

आता ढोंगाविषयी. राखेच्या बुधवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला जो पाठ अनेक चर्चमध्ये वाचला जातो, त्यात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी एकच इशारा देतो: लोकांनी पाहावे म्हणून जे हे करतात, त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. हे वाक्य मला नेहमीच कठोर वाटत आले आहे, कारण त्यात कोणतीही धमकी नाही, केवळ व्यवहार पुरा झाल्याची नोंद आहे. तुमच्या बदललेल्या मननाला प्रशंसा मिळाली आणि हाती काही उरले नाही, हा अनुभव त्याच जातीचा आहे. तरीही ज्याला आपले ढोंग खुपते आणि जो ते पत्रात लिहून कळवतो, त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. तुम्ही दुसऱ्यांसाठी वाचू लागलात, एवढेच झाले आहे. वचन समोर येताच ‘हे मला काय विचारते?’ याऐवजी ‘यावर काय लिहिता येईल?’ हा प्रश्न आधी उभा राहतो, आणि लिहिण्याजोगे काही सापडले की वाचन तिथेच संपते. (फुलांच्या चित्रांवर छापलेली वचने रोज सकाळी पाठवणाऱ्यांविषयी माझे मत कृपया विचारू नका.)

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी अरण्यातील परीक्षेचा पाठ असतो, तो या दृष्टीने पुन्हा वाचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भुकेलेल्या येशूपुढे सैतान येतो आणि मंदिराच्या शिरोभागी चक्क ९१ व्या स्तोत्रातले वचन उद्धृत करतो. वचन पाठ असणे आणि प्रसंगी ते चपखल वापरता येणे, एवढे तर त्यालाही जमते. येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत. त्यांत नवे असे त्याने काही रचलेले नाही, पण ती वचने तो स्वतः ज्या भुकेत उभा आहे, त्या भुकेतून बोलतो.

म्हणून उद्यापासून थोडेच वाचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या शोमरोनी स्त्रीचे उदाहरण घ्या. संपूर्ण संवाद एकदा सावकाश वाचून झाला की अठ्ठाविसाव्या ओवीपाशी थांबा: ती आपली घागर तिथेच ठेवून गावात जाते. भर दुपारी ज्या कामासाठी ती विहिरीवर आली होती, ते काम तिथेच पडून राहिले. या घागरीचा अर्थ काय, यावर लगेच वाक्य जुळवू नका. मी कोणती घागर खाली ठेवायला तयार नाही, एवढेच स्वतःला विचारा, आणि जे उत्तर येईल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवा. लिहायचेच असेल तर वहीत एक ओळ लिहा, जी कोणी वाचणार नाही. त्या वेळात लेक आली, तर वही मिटून तिचे ऐका. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय देवाला आवडणाऱ्या उपासाचे वर्णन करताना भुकेल्याला अन्न देण्याबरोबरच आपल्या रक्तामांसाच्या माणसांकडे पाठ न फिरवण्याचीही आठवण करून देतो.

हुकलेले दिवस भरून काढू नका. तीन दिवसांचे पाठ एका बैठकीत उरकणे म्हणजे थकबाकी फेडणे झाले. त्या दिवशीचा पाठ घ्या आणि पुढे चला. पाश्चात्त्य परंपरेत उपवासकाळाचे ४० दिवस रविवार वगळून मोजतात, तेव्हा रविवारी वही बाजूला ठेवून उपासनेत वाचले जाणारे केवळ ऐका. ज्या दिवशी प्रार्थनेसाठी शब्दच सुचणार नाहीत, त्या दिवशी ८८ वे स्तोत्र म्हणा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरीही पवित्र शास्त्रात त्याला स्थान आहे.

गटावर लांबलचक खुलासा करू नका, कारण त्यालाही शाबासकी मिळेल. ‘ईस्टरपर्यंत मनन पाठवणार नाही, प्रत्येकाने दिवसाचा पाठ स्वतः वाचावा’ एवढे लिहा. जुने मनन पुन्हा पाठवल्याची टोचणी मनातून जात नसेल, तर ती पापनिवेदनाच्या वेळी किंवा तुमच्या पाळकांजवळ बोला. ईस्टरनंतर पुन्हा पाठवावे की नाही, हे तेव्हा त्यांच्याशीच बोलून ठरवा.