टॅबमध्ये सगळं छान, मशीन मात्र बंदच

प्रश्न : नमस्कार सर, मी अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे, दीडशेएक माणसं आहेत. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी कन्सल्टंट आणले, फ्लोअरवर पिवळे पट्टे मारले, बोर्ड लावले, मशीन किती वेळ बंद होतं ते ऑपरेटरने टॅबमध्ये टाकायचं ठरलं. पहिला महिना जोरात गेला, आता पोरं शनिवारी बसून आठवड्याच्या एंट्र्या एकदम मारतात. साहेब म्हणतात आपल्या लोकांना बदल नकोच असतो. खरंय का हे? मी काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : साहेबांचं हे वाक्य मी सातपूरला नोकरीत असताना इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. बदल नको असता तर तीच पोरं मोबाईलवर सगळे व्यवहार करायला कधी शिकली? त्यांना कोणी कन्सल्टंट दिला नव्हता.

आमच्याकडे अशीच एंट्री सुरू झाली होती, तेव्हा कागदावर. सेकंड शिफ्टला एका पोराने इमानदारीत लिहिलं, 'इन्सर्ट मिळाला नाही, मशीन ४० मिनिटं बंद.' (इन्सर्ट म्हणजे मशीनच्या टूलला लावायचं कापायचं छोटं पातं.) दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये स्टोअरला कोणी काही विचारलं नाही, बोलावलं त्या पोरालाच, की ४० मिनिटं तू काय करत होतास? झालं, पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांची मशीनं रोज १० मिनिटंच बंद पडायला लागली 😀 त्यात २५ तारखेनंतर डिस्पॅचशिवाय कोणी काही विचारत नाही, सुपरवायझरला ओरडा पडतो तो नगासाठी, टॅब भरला नाही म्हणून कधीच नाही, मग तो बिचारा काय सांभाळणार तुम्हीच सांगा.

आणि इन्सेंटिव्ह नगावर असेल तर ते आधी बघा. अमेरिकेत व्हर्जिनियात हारवूड नावाच्या कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता, तिथे लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये छापून आला. बायका पीस रेटवर, म्हणजे जितके नग तितके पैसे. काम बदललं की हात बसेपर्यंत नग कमी, म्हणजे पैसे कमी. एका ग्रुपला नुसतं बोलावून सांगितलं की उद्यापासून असं करायचं, तर त्यांचं काम घसरलं ते सावरलंच नाही आणि ४० दिवसांत १७ टक्के जणींनी नोकरी सोडली. ज्या ग्रुपमध्ये सगळ्यांना बसवून नवीन पद्धत आणि नवा रेट ठरवताना सामील केलं, त्यांचं काम थोड्याच दिवसांत पूर्ववत झालं आणि नंतर आधीपेक्षाही वर गेलं. मला आवडतो तो पुढचा भाग, पहिल्या ग्रुपमधल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी परत एकत्र आणून नव्या कामावर टाकलं, पण या वेळी विचारून, तर त्याच बायकांनी पटापट काम उचललं. माणसं तीच होती हो.

(कन्सल्टंट लोक '७० टक्के बदल फसतात' अशी स्लाइड दाखवतात ना, त्या आकड्याला ठोस आधार नाही, त्यामुळे त्याने घाबरू नका.)

आता तुमचं. साहेबांना समजावायच्या फंदात सध्या पडू नका, वेळ जाईल. एकच लाईन घ्या, तिथल्या ऑपरेटर आणि सेटरसोबत (मशीन सेट करून देणारा) चहाला बसा आणि विचारा की रोज सगळ्यात जास्त डोकं कशाने खराब होतं. इन्सर्ट म्हणाले तर पुढचे पंधरा दिवस फक्त इन्सर्टचीच नोंद, बाकी कॉलम बंद. साहेबांकडून एवढंच कबूल करून घ्या की त्या नोंदीवरून कोणालाही केबिनमध्ये बोलावणार नाही. त्या नोंदीमुळे एकदा जरी इन्सर्ट वेळेवर मशीनवर पोचला ना, तर पुढची एंट्री पोरं न सांगता करतात, हे मी डोळ्याने पाहिलंय.

आणि टॅब सुपरवायझरच्या टेबलावर असेल तर उचलून मशीनपाशी लावा, कूलंटचे हात पुसून तिथपर्यंत चालत कोण जाणार.