रिॲक्ट ॲपमध्ये लॉगिन: रिफ्रेश केल्यावर युजर बाहेर का पडतो?

तुम्ही नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा आडत्यांसाठी ॲप केलंय, टोकन (लॉगिन झाल्याची खूण) नुसतं स्टेटमध्ये, म्हणजे पानाच्या तात्पुरत्या मेमरीत आहे, म्हणून पान रिफ्रेश झालं की लॉगिन जातं. बरोबर ना? भाऊ, ते टोकन उचलून लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) टाकू नका. पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. सर्व्हर तुमचाच आहे, तर साधी सेशन कुकी पुरते: एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाते), सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटच्या विनंत्यांवर बंधन). ॲप आणि एपीआय (ॲप ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हरचा भाग) एकाच डोमेनखाली ठेवा, नाहीतर लॅक्स कुकी फेचसोबत (ॲपच्या कोडने केलेल्या विनंतीसोबत) जाणारच नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

ॲप सुरू होताना ‘मी कोण’ असा एक कॉल सर्व्हरला करा. २०० (ठीक) आला तर युजर स्टेटमध्ये भरा, ४०१ (लॉगिन नाही) आला तर लॉगिन दाखवा. उत्तर येईपर्यंत फक्त लोडर. नाहीतर लॉगिनचं पान क्षणभर चमकतं आणि ऐन लिलावात आडत्या परत पासवर्ड टाकत बसतो.

राउट (ॲपमधली पानं) लपवणं ही निव्वळ सोय. भाव बदलायचा हक्क कोणाला, हे दर विनंतीला सर्व्हरनेच तपासायचं.

गूगल लॉगिन पुढे जोडणार असाल तर ऑथरायझेशन कोड फ्लो (आधी कोड मिळतो, मग त्याच्या बदल्यात टोकन) वापरा, पीकेसीईसह (कोड चोरला तरी वापरता येऊ नये म्हणून जादा तपासणी; आरएफसी ७६३६, २०१५). जुन्या ट्युटोरियलमधला इम्प्लिसिट फ्लो (टोकन थेट ब्राउझरच्या पत्त्यात येतं तो) सोडा.