परभणीहून थीम पार्क: 9 आणि 12 वर्षांच्या लेकरांना काय आवडेल, कुठं न्यावं

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत 12 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा घेऊन परभणीहून निघायचं तर खोपोलीचं इमॅजिका करावं की हैदराबादचं वंडरला, आणि या वयाला तिथं नेमकं काय रुचतं. मुलगी म्हणते 'बारक्यांच्या राइड्स नकोत', मुलगा भित्रा आहे, आणि सासूबाईही सोबत येणार आहेत. नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची लेकरं गोळा करून फिरवणारा म्हणून नांदेडात आमच्या गल्लीत मी बदनाम आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी निकाल सांगतो. या खेपेला हैदराबाद करा. इमॅजिका मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेपासून जवळ, खोपोलीपाशी आहे. म्हणजे आपल्याकडून पुणे गाठायचं आणि वर घाटाचा पल्ला. दोन्हीकडचा प्रवास धरला तर लेकरांची निम्मी ताकद गाडीतच जाते. त्यापेक्षा रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस परभणी-नांदेडवरून थेट हैदराबादला नेऊन सोडते. कुणी धाराशिव किंवा बीडकडून विचारलं असतं तर मी इमॅजिका सांगितलं असतं. आणि मोठ्या माणसांनो, एस्सेलवर्ल्डची आठवण काढू नका. आपल्या लहानपणी ज्याची जाहिरात टीव्हीवर बघून आपण रडायचो ते गोराईचं पार्क 2022 पासून बंद आहे.

आता आवडीचं. 9 ते 12 हे वय फार चमत्कारिक. गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवलं तर अपमान वाटतो आणि मोठ्या कोस्टरखाली, म्हणजे उंच रुळांवरून वर-खाली धावणाऱ्या गाडीखाली, उभं केलं तर हात घट्ट धरतात. माझं निरीक्षण असं की या वयाला नुसतं बसून फिरवून घेणं फारसं आवडत नाही, स्वतःच्या हातात काहीतरी लागतं. इमॅजिकात अलिबाबाची राइड आहे, गाडीत बसून हातातल्या बंदुकीनं नेम धरायचा. मोठ्यांना ती किरकोळ वाटते, पण 10 वर्षांची पोरं तिच्यातून उतरली की पुन्हा रांगेत. तिथल्याच स्प्लॅश अहॉयमध्ये पाण्याच्या तोफांनी एकमेकांना भिजवायचं असतं, तिथंही तसंच. बम्पर कारचं तर विचारूच नका. स्टेअरिंग आपल्या हातात आणि बापाला ठोकायची अधिकृत परवानगी! वंडरलात गेलात की पहिल्या तासात मुलाला अशाच राइडवर सोडा. कोस्टरचं नावही काढू नका. एकदा हात सैल झाले की तोच विचारेल, 'ते उलटं होतंय ते काय आहे?'

ते उलटं होणारं म्हणजे रिकॉइल. वंडरलाचं हैदराबादचं पार्क 2016 साली रविरालाला, आउटर रिंग रोडच्या कडेला सुरू झालं, आणि रिकॉइल तिथलं मुख्य आकर्षण. गाडी आधी मागे, वर ओढून नेतात आणि सोडतात. ती वळसे घेत, उलटी होत समोरच्या चढावर जाते, आणि मग तोच सगळा रस्ता उलट्या दिशेनं, पाठीमागं न बघता. भित्र्या लेकरासाठी ही राइड बरी, असं मी म्हणालो की लोक हसतात. पण तिचा सगळा रूळ खालून एका नजरेत दिसतो. मुलाला आधी बाजूला उभं करून पूर्ण फेरी बघू द्या आणि मोठ्यानं सेकंद मोजायला लावा. 'एवढंच?' हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. याउलट इमॅजिकातली डीप स्पेस अंधारात पळते. पुढं वळण आहे की उतार, काहीच कळत नाही, त्यामुळं अंग सावरता येत नाही. उघड्यावरच्या कोस्टरवर हसणारी पोरं मी तिथं गप्प होताना पाहिलीत. बसताना पहिल्यांदा मधला डबा घ्या. सगळ्यात मागचा डबा उतारावर पुढच्या डब्यांच्या ओढीनं खेचला जातो, म्हणून तिथं पोटात जास्त खड्डा पडतो. तुमच्या मुलीला मात्र तोच सांगा.

पण थांबा. रिकॉइलवर बसायचं की नाही हे तुम्ही किंवा मुलगा ठरवणार नाही, दारातली उंचीची पट्टी ठरवणार. दोन्ही पार्कांत मोठ्या राइड्सना साधारण 140 सेंटिमीटरच्या आसपासची अट असते. लेकराचं धाडस मोजायला ती अट नसते. खांद्यावरून येणारा दांडा आणि मांडीवरची पट्टी ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते, लहान अंग त्यातून निसटू शकतं, एवढं साधं कारण. आपल्याकडची बरीच लेकरं 10 व्या वर्षी 135 च्या आसपास असतात, म्हणजे नेमकी अटीच्या अलीकडं. मुली या वयात मुलांच्या आधी उंच होतात, त्यामुळं तुमची मुलगी बहुतेक बसेल आणि मुलगा बहुतेक राहील. निघायच्या आधी घरी भिंतीला पाठ लावून, चपला काढून दोघांची उंची मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवरची यादी दोघांना दाखवा. कुठल्या राइड त्याच्या आणि कुठल्या नाहीत हे त्याला घरीच कळू दे. रांगेत पाऊण तास उभं राहून दारातून परत फिरलेल्या 9 वर्षांच्या पोराची समजूत घालणं म्हणजे काय, ते ज्यानं घातलीय त्यालाच माहीत. तिथल्या माणसाशी हुज्जत मात्र घालू नका, 'एक सेंटिमीटरनं काय होतंय' म्हणून. लहान की मोठं तिकीट हेही वयावर नसून उंचीवर ठरतं, तेव्हा मोजलेलं खर्चाच्या हिशोबालाही उपयोगी.

तुमचा मुलगा खरोखर भित्रा आहे का, हे तपासायला हैदराबादला जायची गरज नाही. फेब्रुवारीत तुमच्या परभणीतच तुराबुल हक साहेबांच्या उरुसात आकाशपाळणे लागतात. त्यात तो बसला होता का? टोराटोरा, ब्रेकडान्स असल्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यांत? जो आकाशपाळण्यात वर गेल्यावर डोळे मिटतो पण खाली आल्यावर पुन्हा मागतो, त्याला कोस्टर आवडणार. जो चक्कर येते म्हणतो, त्याची गोष्ट वेगळी, त्याला भित्रा म्हणू नका. आपल्या जत्रांमध्ये उंची कुणी मोजत नाही, म्हणून तिथं मी स्वतः आधी दांडा ओढून बघतो. लेकराच्या अंगाला तो टेकत नसेल तर त्याला बसवत नाही.

चक्कर येणाऱ्यांचं बघू. घाटात गाडी लागणारी लेकरं याच वयात सगळ्यात जास्त. डोळ्यांना दिसतं आपण स्थिर बसलोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, या भांडणातून मळमळ होते. पडद्यावर सिनेमा आणि खाली हलणारी खुर्ची, अशा राइडमध्ये हेच भांडण मुद्दाम लावलेलं असतं. म्हणून कोस्टरवर धडधाकट राहिलेलं पोर तिथं ओकतं. माझ्या भाच्याचं तेच झालं, आणि तेही नव्या शर्टवर. अशा राइडला मोठ्या जेवणानंतर नेऊ नका, आणि त्रास होऊ लागला की पडद्यावरची नजर काढून बाजूच्या भिंतीकडं बघायला सांगा. ज्या उडणाऱ्या खुर्च्यांमध्ये पाय लोंबकळत भल्यामोठ्या पडद्यासमोर तरंगायचं असतं, त्या मात्र बहुतेक लेकरांना सोसतात. इमॅजिकातली 'आय फॉर इंडिया' तशीच, आणि ती आजी-नातवंडांनी एकत्र बसावी अशी.

लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या लेकरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: 'वर असताना लाइट गेली तर?' याचं खरं उत्तर द्या, भीती निम्मी होते. कोस्टर चढावर जाताना जो कटकट-कटकट आवाज येतो, तो दातेरी पट्टीवर सरकणाऱ्या अडकणीचा. साखळी थांबली तरी गाडी मागं घसरत नाही, तिथंच अडकून राहते. आणि उंचावरून खाली सोडणारे जे मनोरे असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे ब्रेक चुंबकाचे असतात. चुंबक धातूच्या पट्टीजवळून जोरात गेला की पट्टीत आपोआप वीज तयार होते आणि तीच वेग खाते. वेग जितका जास्त, तितका ब्रेक जोरात. त्याला महावितरण लागत नाही! सातवीतल्या पोरीला हे सांगितलं तर रांगेतला वेळही बरा जातो.

इमॅजिकाबद्दल एवढं बोललो म्हणून पुढच्या वर्षासाठी थोडं. नायट्रो ही तिथली मोठी कोस्टर, सुमारे 40 मीटर उंच, पायाखाली तळच नसलेली. तुमच्या मुलीला तोवर चालेल. मला मात्र तिथली राजासॉरसची बोट जास्त आवडते. नाव खोटं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खराखुरा डायनासोर, हाडं गुजरातेत सापडली, नाव 2003 साली दिलं. तो जगत होता तो काळ दख्खनच्या लाव्हाच्या आगेमागेचा, आणि त्याच लाव्हाच्या थरांत पुढं आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली. वेरूळ बघितलेल्या पोरांना हे सांगून बघा, बोट दुप्पट रंगते. आणि लक्षात ठेवा, इमॅजिकात थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी असतात. वंडरलात एकाच तिकिटात कोरडं आणि ओलं दोन्ही, हैदराबाद निवडायचं हेही एक कारण.

ओल्याचं सांगायचं तर लेकरं तिथून बाहेर निघत नाहीत. लाटांचा तलाव, गाणी वाजवत पाऊस पाडणारा रेन डान्स, नळकांड्यांच्या घसरगुंड्या. पाण्याच्या राइड्स दिवसातल्या ठरावीक तासांतच चालू असतात, तेव्हा सकाळी आल्या आल्या कोरड्यातल्या मोठ्या रांगा उरका. सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे परभणीतूनच घेऊन जा. भाड्यानं मिळतात, पण दिवाळीच्या गर्दीत मापाचे मिळतीलच असं नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवडा-लाडवाचे डबे खोलीवरच ठेवा. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळा, अगदी टाळाच. मंगळवार-बुधवार बघा.

राहता राहिल्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी करा, ती त्यांच्यासाठी. बसमधून फिरवतात, बागा आहेत, सेट आहेत, बसायला जागा आहे. जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद आहे. मुलीलाही सिनेमा कसा बनतो ते बघायला आवडेल. मुलगा दुपारनंतर कंटाळेल, त्याला तिथल्याच फंडुस्तानमध्ये, लेकरांच्या खेळांच्या भागात, सोडा. वंडरलाच्या दिवशी सासूबाईंना सावलीतली जागा, पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या चपला-पिशव्यांची जबाबदारी द्या. आमच्या आईनं ती आनंदानं घेतली होती आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या बाकावरच्या निजामाबादच्या बाईशी सोयरीक जुळायचीच बाकी होती.