सणाचा खाऊ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरी भाजलेली खारी क्रॅकर बिस्किटं दुसऱ्याच दिवशी सादळतात. डब्याचं झाकण तर घट्ट आहे.

उत्तर: डबा बदलून उपयोग नाही, ओल बिस्किटातच आहे. कडा आधी लाल होतात, म्हणून ट्रे लवकर बाहेर काढला जातो आणि मधला भाग ओलसर राहतो. डब्यात तीच ओल सगळीकडे पसरते. २०० ग्रॅम मैद्याला ४० मिलिलिटर तेल आणि पाऊण चमचा मीठ चोळून घ्या. मगच साधारण ९० मिलिलिटर पाणी थोडं थोडं घालून घट्ट भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटलेली पोळी आकसते. जाडी २ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी हवी. काट्याने जवळजवळ टोचे मारा, वाफ कोंडली की फुगे येतात. १८० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटं भाजा. त्यानंतर ओव्हन १२० अंशांवर आणून आणखी १० मिनिटं सुकवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, आणि केकसोबत तर कधीच ठेवू नका.

प्रश्न: बटर बिस्किटांना चांदणीचा आकार दिला तरी भाजताना ती पसरून गोल होतात.

उत्तर: मैदा वाढवू नका, बिस्किटं कोरडी आणि भुसभुशीत होतील. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर हे प्रमाण उत्तम आहे. बटर ३५ अंशांच्या आसपास वितळतं. कणकेचा गोळा आधीच कोमट असेल तर कडा पक्क्या व्हायच्या आतच बटर वाहू लागतं. म्हणून आकार कापल्यावर ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बटर-साखर एकजीव होईपर्यंतच फेटा; जास्त हवा भरली की बिस्कीट फुगून बसतं. बेकिंग पावडर नकोच. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका.

प्रश्न: फज रवाळ होतो. टाकून द्यावा का?

उत्तर: नाही. थोडं पाणी घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळवा. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने खाली उतरवा, त्यातला एखादाही सगळा पाक रवाळ करू शकतो. गोळीबंद, म्हणजे ११४ अंशांच्या आसपास पाक आला की उतरवा. ५० अंशांपर्यंत निवेपर्यंत चमचा लावू नका. मग चकाकी जाईपर्यंत जोरात घोटा आणि लगेच थापा.