गर्भाशय काढल्यावर कामावर कधी जावं?

प्रश्न असा: दुर्बिणीतून गर्भाशय काढलंय, तिसरा आठवडा चालू आहे, बडोद्यात अलकापुरीहून मकरपुऱ्याला ॲक्टिव्हाने जाणं-येणं; कधी रुजू होऊ?

ताई, बैठं काम असेल तर दुर्बिणीनंतर साधारण ३ ते ४ आठवड्यांनी जमतं; पोट उघडून केलं असेल तर ६ ते ८. पण खरी अडचण गाडीची आहे. डबल स्टँडवर चढवताना सगळा जोर ओटीपोटावर येतो, म्हणून साइड स्टँडच लावा, किक मारू नका. सुरुवातीला रिक्षाच बरी. बाहेरचे टाके सुकले तरी आतली, योनीच्या टोकाची शिवण भरायला निदान ६ आठवडे लागतात. तोवर ४-५ किलोंच्या वर काही उचलायचं नाही: भरलेली बादली नाही, गव्हाचा डबा नाही. बद्धकोष्ठही होऊ देऊ नका, कुंथल्याने तिथेच ताण पडतो.

खुर्चीवर तासभर झाला की उठून दोन फेऱ्या मारा. एक पोटरी सुजून दुखली, ताप आला, घाणेरडा वास येणारा स्राव झाला किंवा तासाभरात पॅड भिजलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के. अर्धवट बरं वाटताच धावू नका.