आरएक्स १०० ची गंजलेली टाकी: टॉयलेट क्लीनर नको, लिंबूसत्त्व घ्या

चार वर्षं उभ्या असलेल्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या पेट्रोल कॉकमधून (टाकीखालच्या तोटीतून) तपकिरी पाणी येतंय आणि गॅरेजवाल्याने टाकीत टॉयलेट क्लीनर ओतायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून ओतू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि टाकीच्या जोडांच्या शिवणीत उरलेला अंश पुन्हा गंज आणतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, ७५० ग्रॅम ते १ किलो आणा. टाकी उतरवून रिकामी करा, कॉक काढा. कॉकची बॉडी अ‍ॅसिडला टिकत नाही, म्हणून त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी त्याच स्क्रूंनी आवळा. कपड्यांची पावडर आणि गरम पाणी घालून दोनदा खळबळा. तेलकटपणा राहिला तर अ‍ॅसिड गंजापर्यंत पोचतच नाही. पापुद्रे असतील तर मूठभर नट मोजून टाका, टाकी गोधडीत गुंडाळून हलवा आणि तेवढेच नट बाहेर काढा.

मग लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी अगदी तोंडापर्यंत भरा. गंज बहुतेक वेळा वरच्या छताला जास्त असतो. झाकण उघडंच ठेवा, वायू सुटतो. जवळ विडी-काडी नको. रंगावर ओघळ आला तर लगेच पुसा. १२ तासांनी टॉर्च मारून बघा, राखाडी पत्रा दिसला की थांबा. २४ तासांपुढे जाऊ नका. शिवणीतून थेंब आला तर ते भोक गंजाचंच, आजवर गंजानेच बुजलेलं होतं.

टाकी खरी बिघडते ती यानंतर. धुतलेला ओला पत्रा दहा मिनिटांत नारिंगी पडतो. म्हणून हेअर ड्रायर आधीच जोडून ठेवा. अ‍ॅसिड ओतून टाका, मग १०० ग्रॅम खाण्याचा सोडा साध्या पाण्यात घालून त्याने टाकी खळबळा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा. शेवटचं पाणी कढत घ्या आणि टाकी भरून दोन मिनिटं ठेवा, पत्रा तापला की पाणी झटकन उडतं. ओतून लगेच तोंडातून ड्रायर सोडा. कॉकच्या जागची पट्टी काढून भोक उघडं ठेवा, वाफ तिथून निघते. वीसेक मिनिटं लागतात. आत पेट्रोलचा वास असेल तर ड्रायर अजिबात नको, पुन्हा पावडरने धुवा.

कोरडी झाली की २०० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं ओतून टाका. गाडी टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते, थोडं आत राहिलं तरी चालतं. कॉकची जाळी साफ करा आणि पाइपमध्ये फिल्टर बसवा, नाहीतर बारीक कण कार्बोरेटरमध्ये पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईत अडकून तो ओव्हरफ्लो होतो. भोकं नसतील तर सीलर (टाकीच्या आतला लेप) लावू नका. जरा ओल राहिली तरी त्याचे पापुद्रे सुटून कॉक तुंबतो.