अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर एड मार्की यांची बहुतेक विधेयके मंजूरच होत नाहीत. मग पर्यावरण, ऊर्जा आणि तंत्रज्ञान या विषयांत त्यांनी नेमके केले काय?

मंजूर विधेयके मोजून सिनेटरचे काम जोखण्याची ही रीत मला मान्य नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. मी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अँडोव्हर येथे राहतो, व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, आणि १३ सप्टेंबर २०१८ रोजी आमच्या मेरिमॅक खोऱ्यात गॅसचे जे स्फोट झाले, त्यांची झळ माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचली होती.

त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. संध्याकाळच्या आरतीला मंडळी येणार होती, म्हणून चारच्या सुमारास पत्नीने मोदकांचा दुसरा घाणा उकडायला ठेवला होता. मंद ठेवलेली ज्योत एकाएकी मोदकपात्राच्या झाकणापर्यंत चढली. शेगडी बंद केली, तोच तळघरातील बॉयलरमधून पूर्वी कधीही न ऐकलेला घरघराट येऊ लागला. पुढे गॅसजोडणी असलेल्या सर्वांनी घर सोडावे असा पोलिसांचा आदेश आला आणि वीजही तोडण्यात आली. समई शांत करून, सकाळीच बसवलेल्या गणपतीला रिकाम्या घरात सोडून आम्ही निघालो. आमचा गणपती दीड दिवसाचा, पण त्या वर्षी उत्तरपूजा झाली ती रविवारी परतल्यावर. आमचे तेवढ्यावर निभावले. शेजारच्या लॉरेन्स शहरात मात्र स्फोटाने घराचे धुराडे कोसळून गाडीत बसलेला लिओनेल रॉन्डन हा अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा गेला, आणि शंभराहून अधिक इमारतींचे नुकसान झाले. आमच्याकडे गॅस परत आला तो डिसेंबरात.

कारण समजले तेव्हा अभियंता म्हणून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी बिडाची वाहिनी बदलून प्लॅस्टिकची टाकण्याचे काम सुरू होते. गॅसचा दाब ओळखून तो रेग्युलेटरला, म्हणजे दाब आटोक्यात ठेवणाऱ्या झडपेला, कळवणाऱ्या नळ्या त्या जुन्या, बंद केलेल्या वाहिनीलाच जोडलेल्या राहिल्या. त्या वाहिनीतील दाब साहजिकच उतरत गेला, आणि दाब कमी पडतो आहे असे समजून रेग्युलेटर पूर्ण उघडले. जिथे साधारण अर्धा पीएसआय (दर चौरस इंचाला अर्धा पौंड) दाब असायचा, त्या घरगुती जाळ्यात त्याच्या कित्येक पट दाब शिरला. कामाच्या आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याची सही नव्हती, कारण कायद्याने ती लागतच नव्हती.

२६ नोव्हेंबरला सिनेटच्या वाणिज्य समितीने लॉरेन्समधील एका शाळेत सुनावणी घेतली, तिला मी गेलो होतो. मार्की आणि आमच्या राज्याच्या दुसऱ्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन समोर बसले होते; गॅस कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांना आमच्यासमोर उत्तरे द्यावी लागली. २०१९ मध्ये या दोघांनी रॉन्डनच्या नावाने पाइपलाइन सुरक्षेचे विधेयक मांडले. तुम्ही ते शोधाल, तर स्वतंत्र विधेयक म्हणून ते मंजूर झालेले दिसणार नाही, आणि तुमच्या हिशेबात ते अपयश ठरेल. प्रत्यक्षात त्यातील तरतुदी पाइपलाइनच्या मोठ्या कायद्यात गेल्या, तो कायदा वार्षिक खर्चाच्या अवाढव्य विधेयकाला जोडला गेला आणि २७ डिसेंबर २०२० रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कमी दाबाच्या जाळ्यात दाब वाढण्याचा धोका कंपनीने आधीच विचारात घ्यावा, आणि एकाच बिघाडाने सगळे घरगुती जाळे धोक्यात येण्याची शक्यता कमीत कमी राहील अशी रेग्युलेटर स्थानकांची रचना करावी, असे नियम करण्याचा आदेश त्या कायद्यात आहे. अमेरिकी काँग्रेसमध्ये बहुतेक काम असेच होते: कलम एकाचे, कायदा दुसऱ्याच नावाचा.

माझे साडू ह्यूस्टनला तेलउद्योगात आहेत. मार्की म्हणजे निव्वळ भाषणे, असे ते प्रत्येक भेटीत ऐकवतात, आणि पुरावा म्हणून हवामानबदलाविरुद्धच्या व्यापक कार्यक्रमाचा, ‘ग्रीन न्यू डील’चा, मार्कींनी मांडलेला ठराव पुढे करतात. मार्च २०१९ मध्ये सिनेटमध्ये तो ०–५७ असा पडला, हे खरे आहे. पण तेव्हा सिनेटमध्ये बहुमतात असलेल्या रिपब्लिकन नेतृत्वाने मुद्दाम घडवून आणलेल्या त्या मतदानात मार्कींसह बहुतेक डेमोक्रॅट सदस्यांनी केवळ ‘उपस्थित’ एवढीच नोंद केली होती, हे साडू कधीच सांगत नाहीत. २००९ चे वॅक्समन-मार्की हवामान विधेयक प्रतिनिधिगृहात २१९–२१२ असे मंजूर होऊन सिनेटमध्ये मतदानालाही आले नाही, तो पराभव मात्र खरा होता आणि त्याची किंमत आपण सगळे मोजतो आहोत. उलट बाजूला काय आहे तेही पाहावे. घरगुती उपकरणांच्या वीजवापरावर किमान मानके घालणारा १९८७ चा कायदा, मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा १९९८ चा कायदा आणि संगणकी दूरसंचार सेवा अंध व कर्णबधिर व्यक्तींसाठी खुल्या करणारा २०१० चा कायदा, या तिन्हींमागे त्यांचे श्रम आहेत. साडूंच्या घरातला फ्रिज आज कमी वीज खातो, त्यात या १९८७ च्या कायद्याचाही वाटा आहे.

अर्थात हे तिन्ही कायदे ते प्रतिनिधिगृहात असतानाचे. सिनेटमध्ये ते २०१३ मध्ये आले, त्यामुळे काटेकोरपणे पाहिल्यास तुमच्या प्रश्नाला ते लागू होत नाहीत. सिनेटर म्हणून तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात त्यांचे ठोस काम म्हणजे रिपब्लिकन जॉन थून यांच्यासह आणलेला, नकोशा यांत्रिक फोनकॉलविरुद्धचा २०१९ चा कायदा. ते कॉल अजून थांबलेले नाहीत. मुलांच्या खासगीपणाचा जुना कायदा किशोरवयीनांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव जुलै २०२४ मध्ये सिनेटने ९१–३ मतांनी मंजूर केला, पण प्रतिनिधिगृहात तो अडकला.

तुम्हाला खरोखर काम तपासायचे असेल, तर विधेयकाचे नाव सोडून कलमांचा माग काढावा. २०२० च्या त्या पाइपलाइन कायद्यातच कामाचे आराखडे तपासण्यासाठी परवानाधारक अभियंत्यासोबत ‘किंवा पुरेसे ज्ञान व अनुभव असलेला अन्य कर्मचारी’ अशी पळवाट राहिली आहे, तर आमच्या राज्याने अभियंत्याची सही डिसेंबर २०१८ मध्येच सक्तीची केली. अनुभवी माणूस पुरेसा असतो, कागदावर शिक्का कशाला, हा साडूंचा लाडका युक्तिवाद आहे. लॉरेन्समध्येही अनुभवी माणसे कामावर होती. ते ‘किंवा’ संघीय कायद्यातून निघाले पाहिजे, आणि मार्कींच्या कार्यालयाला मी तसे लेखी कळवले आहे.